सात नंबरचा निळा दिवा

सोमवार, ४ सप्टेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि टेबल चक्क खिडकीपाशी! तिसरा मजला, समोर मोकळं मैदान, उजवीकडे पाण्याची टाकी. जुन्या ऑफिसात माझ्या पाठीला झेरॉक्स मशीन चिकटलेलं असायचं, त्यामुळे मला तर राजवाड्यात आल्यासारखं वाटलं. इथल्या प्रमुख मॅडमनी दोन मिनिटांत काम समजावलं. हे नकाशांचं कार्यालय. शंभर वर्षांचे नकाशे स्कॅन करून तळघरातल्या बारा जुन्या सर्व्हरवर ठेवलेत. नवीन यंत्रणा यायला वर्ष लागेल, तोवर ही बारा यंत्रं जगवायची. मी म्हटलं, म्हणजे मी वृद्धाश्रमात नोकरीला लागले. मॅडम हसल्या नाहीत.

हसले ते काका. काका म्हणजे इथले जुने तंत्रज्ञ, एकतीस वर्षं याच इमारतीत. एक गुडघा कायमचा रुसलेला, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणून त्यांचं सगळं ज्ञान माझ्या डोक्यात ओतायचं ठरलंय. माझं नाव त्यांनी विचारलं आणि लगेच विसरले. संध्याकाळपर्यंत मी 'नवीनबाई' झाले होते.

भाड्याची खोलीही छान आहे, फक्त खिडकीला पडदा नाही आणि समोरच्या गच्चीवर एक आजोबा व्यायाम करतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, आमची ही शिवणकाम करते, माप आण, शिवून देईल. माणसं चांगली मिळाली की अर्धी नोकरी झाली.

मंगळवार, ५ सप्टेंबर

आज जागल्याशी ओळख झाली. प्रत्येक जुन्या सर्व्हरच्या बोर्डावर एक चिमुकला वेगळा संगणक असतो. मोठा सर्व्हर बंद असो, अडकलेला असो, मेलेला असो, भिंतीतली पिन लागलेली आहे तोवर हा चिमुकला जागा असतो. त्याच्याशी दुरून बोलता येतं: सर्व्हरचा स्क्रीन बघता येतो, कळा दाबता येतात, चालू-बंद करता येतं. वर बसल्या बसल्या तळघरातलं यंत्र हलवायचं. काका त्याला जागल्या म्हणतात. सगळं गाव झोपलं तरी कोण आलं, कोण गेलं, याची नोंद तो ठेवतो.

पण त्याच्यापर्यंत पोचणं म्हणजे दिव्य! हे बोर्ड इतके जुने की आजकालचा कुठलाही ब्राउझर त्यांना दारात उभं करत नाही. त्यासाठी काकांनी कपाटात एक लॅपटॉप जपून ठेवलाय, ज्याला दहा वर्षांत एकही नवीन गोष्ट शिकवलेली नाही. जुना ब्राउझर, जुनी जावा. तीन वेळा धोक्याची पाटी येते, तिन्ही वेळा 'चालेल' म्हणायचं. मग काळी खिडकी उघडते. तिच्यात एकदा क्लिक करून कुठलीही कळ दाबली की समोरच्या यंत्राला जाग येते. पासवर्ड कारखान्यातून आला तोच, कोणी बदललेला नाही. घराला कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला, असं मी म्हटलं. काका म्हणाले, चोर यायला आधी चोराकडे हा लॅपटॉप पाहिजे ना.

प्रत्येक जागल्याला एक पत्ता आहे. चार नंबरच्या यंत्राचा पत्ता चौदाने संपतो, सातचा सतराने, असं सोपं. यादी माझ्या ताब्यात.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज तळघर नीट पाहिलं. आखूड खोली, बारा यंत्रं, पंख्यांचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. दाराबाहेर आग विझवायच्या गॅसचं पॅनेल आणि त्यावर एक मोठं लाल बटण. काकांनी इथे मात्र हसणं बाजूला ठेवलं. सात नंबरचं यंत्र या खोलीचं दार आणि ते पॅनेल सांभाळतं. सात बंद पडलं की पॅनेल आंधळं होतं, आणि आंधळं झालं की आग लागली असंच धरून चालतं. दार ताबडतोब लागतं. आतून उघडायचं बटणही सातवरच चालतं, त्यामुळे तेही मेलेलं. मग बरोबर एका मिनिटाने गॅस सुटतो. हवा संपते. भोंगा कित्येक वर्षं मुका आहे. त्या एका मिनिटात बाहेरून कोणी लाल बटण दाबलं तरच गॅस थांबतो आणि दार सुटतं. हे सगळं बदलायला हवं असं काकांनी चार वेळा लिहून दिलंय.

म्हणून इथे एक रीत आहे. वरून कुठलंही यंत्र बंद करण्याआधी जागल्याला सांगून त्या यंत्राचा निळा दिवा पेटवायचा. खाली उभ्या माणसाला फोनवर विचारायचं, दिसला का? त्याने ठरलेल्या यंत्रावर दिवा पाहून 'दिसला' म्हटलं, की मगच बंदचं बटण. काका खाली, मी वर, आज दहा वेळा सराव. दिसला का? दिसला. दिसला का? दिसला. शेवटी मलाच हसू यायला लागलं. काका म्हणाले, हस, पण विचार.

बुधवार, १३ सप्टेंबर

सातचा बोर्ड जळाला. काका दाराबाहेरच होते, म्हणून लगेच लाल बटण दाबून गॅस थांबवता आला. काकांनी घाईघाईने चारचा बोर्ड काढून सातमध्ये बसवला आणि कपाटातला जुना बोर्ड चारमध्ये. दुपारपर्यंत सगळं सुरळीत. माणूस नाही, जादूगार आहे. वर येताना गुडघा धरून मला बजावलं, पत्ता बोर्डाबरोबर जातो, खोक्याबरोबर नाही. म्हणजे चौदा म्हणजे आता सात. यादीत बदल कर, नवीनबाई.

कागदाच्या चिठ्ठीवर 'चौदा = सात' लिहून या वहीत चिकटवलंय. उद्या यादी बदलते.

सोमवार, १८ सप्टेंबर

बोर्डांवरच्या बटणासारख्या बॅटऱ्या संपल्यात, त्यामुळे बाराही जागले स्वतःला १ जानेवारी १९७० मध्ये समजतात. त्यांच्या नोंदींवर तीच तारीख. माझ्या जन्माच्याही आधीची! काका उद्यापासून एकेक बॅटरी बदलणार. पहिलं चार नंबर, अकरा वाजता. मी वरून बंद करायचं, त्यांनी बॅटरी घालायची.

खिडकीचं माप अजून दिलेलं नाही. काकूंनी तीनदा विचारलं म्हणे. आईने मागच्या रविवारी येऊन मापलं होतं, तिलाच विचारायला हवं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

काका गेले.

मी अकरा वाजून बारा मिनिटांनी चार नंबरचा दिवा पेटवला. फोनवर विचारलं, दिसला का? काकांनी 'दिसला' असं सांगितलं. मग मी बंद केलं. मला वाटतं काकांनीच आत सातला हात लावला असावा.

शिपायाला ते अर्ध्या तासाने सापडले.

बुधवार, २० सप्टेंबर

आज चौकशी. मी कालचंच सांगितलं. जागल्याच्या नोंदी पाहिल्या, त्यांत फक्त एक ओळ होती: नोंदी पुसल्या. तारीख १ जानेवारी १९७०. कधी पुसल्या, कोणी पुसल्या, कळायला मार्ग नाही. बॅटरी नसल्याने असंच होतं, असं मी समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच इथली जाणकार आता.

काकांच्या मुठीत नवी बॅटरी होती.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

गॅस पुन्हा भरला, नियमच आहे. नवीन पॅनेल पुढच्या महिन्यात येणार. तोवर तळघरात एकट्याने जायचं नाही असा हुकूम निघालाय. काकांचं चार वेळा लिहिलेलं पत्र फायलीत सापडलं म्हणे. बैल गेला आणि झोपा केला.

जुना लॅपटॉप आज उघडला, कामापुरता. चौदावर नोंदींमध्ये एक ओळ वाढली होती. निळा दिवा चालू. वेळ अकरा बारा. तारीख १९७०.

बॅटरी नाही तर घड्याळाला अकरा बारा कळलं कसं? लॅपटॉप कपाटात असतो आणि किल्ली माझ्याकडे. बोर्ड जुना आहे, काहीतरी बिघाड असणार. मी ती ओळ पुसली.

सोमवार, २५ सप्टेंबर

काकू आल्या होत्या. काकांचा डबा, चष्मा आणि चपला न्यायला. पिशवीतून एक गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. पडदे. माप मिळालंच नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाजाने शिवलेत. म्हणाल्या, लांब झाले तर दुमडून घे, आखूड झाले तर सांग. ह्यांनी शब्द दिला होता, तो मोडायला नको. गडद हिरव्या कापडावर बारीक पांढरी टिपं. माणूस जाऊन सहा दिवस झालेत आणि ही बाई माझे पडदे घेऊन आली.

मग त्यांनी विचारलं, शेवटी ते काय बोलले तुझ्याशी? मी म्हटलं, दिसला म्हणाले. त्यांनी काकांचा चष्मा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या की अहवालात 'मृताच्या हलगर्जीपणामुळे' असं लिहिणार आहेत, शिपायाने सांगितलं. एकतीस वर्षांत ह्यांनी एक स्क्रू सैल सोडला नाही. तेवढा एक शब्द काढता येईल का, मॅडमशी बोलशील का, एवढंच मागायला आले.

मी हो म्हटलं. मॅडमकडे गेले नाही.

गुरुवार, २८ सप्टेंबर

पडदे लावले. बरोबर बसले, बोटभरही इकडेतिकडे नाही. रात्री झोप लागली नाही.

चौदावर आता तीन ओळी. निळा दिवा चालू. यंत्र दुरून बंद केलं. नोंदी पुसल्या. पहिल्या दोन मी पुसलेल्या होत्या. ज्या रकान्यात वापरणाऱ्याचं नाव येतं, तिथे कारखान्यातलं नाव असायला हवं. तिथे इंग्रजी अक्षरांत 'नवीनबाई' आहे. असा वापरकर्ता कोणी बनवलेलाच नाही. मला त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

रोज अकरा बाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. वर तळघराचा नंबर दिसतो. उचलला की फक्त पंखे. शिपायाला विचारलं, तो म्हणाला दाराला कुलूप आहे, खाली कोण असणार? मी विचारलं ते बरं केलं नाही, आता तो माझ्याकडे दयेने बघतो.

आज उचललाच नाही. बरोबर एक मिनिट वाजला. मग थांबला.

बुधवार, ४ ऑक्टोबर

या वहीत १९ तारखेला खोटं लिहिलंय. स्वतःच्याच वहीत! कोण वाचणार होतं ती? तरी लिहिलं. आता खरं लिहिते.

दिवा मी पेटवला. विचारलं, दिसला का? आणि तेवढ्यात मोबाइलवर आईचा फोन आला. खिडकीच्या मापासाठी मीच तिला सकाळी निरोप ठेवला होता. रिसीव्हर मी टेबलावर ठेवला. काकांचा गुडघा, त्यांना चारपाशी वाकून बघायला वेळ लागतो, तोवर एक वाक्य बोलून घेऊ असं वाटलं. साडेतीन फूट, आई म्हणाली. रुंदी की उंची, मी विचारलं. बिस्किटांचं पाकीट फोडलं. रिसीव्हरमधून काहीतरी बारीक आवाज येत होता, तो मी 'दिसला' असाच धरला. रोज दहा वेळा तेच ऐकायचे ना. ऐकलं काहीच नाही. बंदचं बटण दाबलं, चौदावर.

चिठ्ठी याच वहीत आहे. चौदा = सात. दिवा सातवर पेटला होता. काका चारपाशी उभे होते, त्यांना चारवर दिसलाच नसणार.

नंतरही रिसीव्हर टेबलावरच होता. आवाज येत होता. मी आईला सांगत होते, हिरवा रंग आवडेल मला.

एक मिनिट. लाल बटण. मला धावत पोचता आलं असतं की नाही ते माहीत नाही. चार जिने. शिपाई तर खालीच बसतो, त्याला एक हाक मारली असती तरी —

शिपाई ओरडत वर आला तेव्हा सगळे खाली पळाले. मी नाही पळाले. मी नोंदी पुसल्या. मग रिसीव्हर कानाला लावला. नुसते पंखे. मी तो जागेवर ठेवला, हळूच, कोणी झोपलेलं असावं तसा.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

काळी खिडकी आज आपोआप उघडली. धोक्याच्या पाट्या आल्या नाहीत. तिच्यात कोणीतरी टंकत होतं, सावकाश, एकेक अक्षर शोधत. काका असंच टंकायचे, एका बोटाने.

disla ka

मी लॅपटॉपची तार उपटली. बॅटरीही काढली.

अक्षरं तशीच राहिली.

सोमवार, ९ ऑक्टोबर

उद्या दुपारी अहवालावर माझी सही. 'मृताच्या हलगर्जीपणामुळे.' मी मॅडमकडे गेले आज, सगळं सांगितलं. अर्धंच, खरं तर. चौदा-सातचं आणि पुसल्याचं सांगितलं, फोनचं नाही. मॅडम म्हणाल्या, तुला धक्का बसलाय, सुट्टी घे. चौदा म्हणजे सात याला पुरावा काय? यादीत तर चौदा म्हणजे चार आहे.

यादी मी कधी बदललीच नाही. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली, कधीही लिहिता येईल. बोर्ड बदलल्याचं माहीत असणारे दोघेच, त्यांतले एक —

एकच पुरावा उरलाय. वरून चौदाचा दिवा पेटवायचा आणि तो सातवर पेटतो हे खाली जाऊन बघायचं. फोटो काढायचा. मग मॅडमना बोलणं टाळता येणार नाही. मग काकूंच्या घरी जायचं, पडदे परत घेऊन.

भीती वाटते. पण त्यांच्यासमोर 'दिसला म्हणाले' असं पुन्हा म्हणायची जास्त वाटते.

मंगळवार, १० ऑक्टोबर

अकरा. दिवा पेटवलाय, लॅपटॉप टेबलावर उघडा. बंदच्या बटणापासून हात लांब. बरोबर यायला कोणी तयार नाही, शिपायाने किल्ली तेवढी दिली. वही सोबत घेतलीय, वेळा लिहायला.

अकरा आठ. तळघर. दारात खुर्ची अडकवलीय, मी मूर्ख नाही. पंखे तसेच. चारवर दिवा नाही. सातवर आहे. निळा, स्वच्छ. दिसला, काका. फोटो काढला. दोन काढले.

झालं. निघते.

अकरा बारा. इथला फोन वाजतोय. माझ्या टेबलाचा नंबर. वर कोणीच नाहीये, खोली मी कुलूप लावून —

उचलला. माझाच आवाज. दिसला का, विचारतेय. मग मोबाइल वाजला तिकडे. मग ठक्. लाकडावर ठेवला.

मी ओरडतेय. नाही, चारवर नाही, सातवर पेटलाय, दाबू नकोस. ती आईशी बोलतेय. साडेतीन फूट. रुंदी की उंची. पाकीट फोडल्याचा आवाज. अगं ऐक, एकदा रिसीव्हर उचल, एकदाच —

सातचे पंखे थांबले.

दार लागलं. खुर्ची बाहेर आहे. मी आतून अडकवली होती.

बटण दाबून पाहिलं. मेलेलं.

एक मिनिट. लिहिते. ही वही काकूंना द्या. चूक माझी. यादी माझी, बटण माझं, पुसलं मीच. त्यांचा काही —

ती म्हणतेय, हिरवा रंग आवडेल मला.

रिसीव्हरमध्ये माझ्या आवाजामागे आणखी एक आवाज आहे. इथलाच. माझ्या शेजारी कोणीतरी तोंड लावून बोलल्यासारखा, थांबत थांबत. काका. ओरडत नाहीयेत. आधी सांगतात, सातवर पेटलाय, नवीनबाई, लाल बटण. तीनदा. ती ऐकत नाही. मग, बरं, असू दे, म्हणतात. काकू, ऐका, ते शेवटचं हे बोलले, मी आत्ता ऐकलं, दिसला नव्हते म्हणाले, ते म्हणाले की नवीनबाई, आता दार उघडायला येऊ नकोस, गॅस सुटेल, तुलाच